पाण्याची बाटली : टिकाऊ की शाश्वत?

मध्य प्रदेशातील जबलपूर शहरात गढा नावाचा एक जुना भाग आहे. जबलपूर हे नाव मोठे होण्याच्या कितीतरी आधी गढा नांदते होते. गोंड राजांच्या राज्याला ‘गढा-मंडला’ हे नाव मिळाले ते याच गावावरून. टेकडीवरील मदन महाल आजही त्या काळाची साक्ष देतो. या शहरात मराठी भाषक कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

गोंड राजांनी किल्ले बांधले, तसे तलावही बांधले. संग्रामशाह राजाचा ‘संग्राम सागर’ गढा भागातील टेकड्यांच्या कुशीत आहे. राणी दुर्गावतीच्या (१५२४-१५६४) नावाने राणीताल, तिचे दिवाण आधारसिंह यांच्या नावाने आधारताल आणि तिच्या दासीच्या म्हणजे ‘चेरी’च्या नावाने चेरीताल ओळखला जातो. या परिसरात बावन्न ताल होते, असे लोकपरंपरा सांगते. टेकड्यांवरून वाहून जाणारे पावसाचे पाणी तलावात अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि भोवतालच्या विहिरी वर्षभर जिवंत ठेवायच्या, अशी ही व्यवस्था होती. राणीच्या नावाचा तलाव आणि दासीच्या नावाचाही तलाव! पाणी ही सर्वांच्या मालकीची गोष्ट आहे, हा विचारच जणू या नावांतून व्यक्त होतो.

आज गढ्यात काय किंवा गडहिंग्लजमध्ये काय, तहान लागली की आपला हात दुकानातील प्लास्टिकच्या बाटलीकडे जातो. बाटलीतील पाणी दोन-चार मिनिटांत संपते. बाटली मात्र उरते. ती किती काळ उरते, कुठे जाते आणि तिचे काय होते, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत. त्यासाठी दोन शब्दांमधील फरक ध्यानात ठेवावा लागेल. ‘टिकाऊ’ म्हणजे लवकर न मोडणारे, न कुजणारे. ‘शाश्वत’ म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचे न संपवता आणि त्यांच्यावर ओझे न टाकता दीर्घकाळ चालू शकणारे. पाण्याची बाटली टिकाऊ आहे, यात शंका नाही. प्रश्न असा आहे की, ती शाश्वत आहे काय?

बाटली कशाची बनते?

बाटलीच्या तळाशी बाणांचा एक छोटा त्रिकोण आणि त्यात एक हा आकडा छापलेला दिसतो. ही ‘पेट’ या प्लास्टिकची खूण आहे. पेट म्हणजे पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेट. हा पदार्थ खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून तयार करतात. इंग्लंडमधील जॉन रेक्स व्हिनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये त्याचा शोध लावला. त्यांना बाटली बनवायची नव्हती, त्यांना कापडासाठी धागा हवा होता. टेरीकॉटचा सदरा किंवा पॉलिएस्टरची साडी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. त्यातील पॉलिएस्टर आणि पाण्याची बाटली हे मुळात एकच द्रव्य आहे, हे ऐकून नवल वाटेल. पण ते खरे आहे. पुढे आपल्याला या गोष्टीचा उपयोग होणार आहे.

बाटलीचा शोध त्यानंतर तीस वर्षांनी लागला. अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीतील अभियंते नॅथॅनियल वायेथ यांना एक प्रश्न पडला होता : सोड्यासारखी वायुयुक्त पेये प्लास्टिकच्या बाटलीत का भरत नाहीत? त्यांनी धुण्याच्या द्रवसाबणाच्या बाटलीत असे पेय भरून ती फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी आतील वायूच्या दाबाने बाटली फुगून अडकून बसली होती. वायुदाब सोसेल असे प्लास्टिक शोधताना ते पेटपर्यंत पोहोचले आणि १९७३ मध्ये त्यांना पेट बाटलीचे पेटंट मिळाले.

कारखान्यात प्रथम परीक्षानळीसारखी दिसणारी एक जाड नळी तयार होते. ती तापवून साच्यात ठेवतात, लांबीत ताणतात आणि आत जोराने हवा भरतात. नळी फुग्यासारखी फुगते आणि साच्याचा आकार घेते. ताण दिल्यामुळे द्रव्यातील लांबलचक रेणू एका ओळीत येतात आणि पातळ भिंतीलाही बळकटी मिळते. त्यामुळे एक लिटर पाणी पेलणारी बाटली अवघ्या वीस ते पंचवीस ग्रॅम वजनाची असते. हलकी, पारदर्शक, न फुटणारी आणि स्वस्त, असे तिचे गुण आहेत. आपल्या देशात १९६० च्या दशकात मुंबईमध्ये बाटलीबंद पाणी विकले जाऊ लागले, तेव्हा ते काचेच्या बाटलीतून मिळत असे. पुढे प्लास्टिकने काचेची जागा घेतली, त्यामागे हेच गुण होते.

रिकाम्या बाटलीचा प्रवास

रिकामी बाटली आपण टाकून देतो तेव्हा आपल्या दृष्टीने तिची गोष्ट संपते. खरे पाहता तिथून एका मोठ्या व्यवहाराला प्रारंभ होतो. रस्त्यावरून, रेल्वे फलाटावरून किंवा कचराकुंडीतून कचरावेचक ती उचलतो. बाटल्या भंगाराच्या दुकानात किलोवर विकल्या जातात. एका बाटलीचे वजन वीस ते पंचवीस ग्रॅम, म्हणजे एक किलो भरण्यासाठी चाळीस ते पन्नास बाटल्या लागतात. एका किलोसाठी कचरा वेचणाऱ्या स्त्रीला चाळीस-पन्नास वेळा वाकावे लागते, हे आपण विसरता कामा नये.

भंगाराच्या दुकानातून बाटल्या मोठ्या व्यापाऱ्याकडे जातात. तेथे रंगानुसार त्यांची निवड होते आणि दाबयंत्रात त्यांचे गठ्ठे बांधले जातात. कारखान्यात त्यांचे बारीक तुकडे करून ते कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात धुतात. त्यामुळे चिकटपणा, डिंक आणि कागद निघून जातो. झाकणाचे तुकडे वेगळे करण्याची युक्ती फारच सोपी आहे. पेट पाण्यापेक्षा जड असल्याने बुडते. झाकण वेगळ्या, हलक्या प्लास्टिकचे असल्याने तरंगते. घरी बादलीभर पाण्यात बाटलीचा आणि झाकणाचा एक एक तुकडा टाकून आपणही हा प्रयोग करून पाहू शकता. स्वच्छ झालेले तुकडे वितळवून त्यांचा धागा काढतात. बाटली आणि पॉलिएस्टर हे एकच द्रव्य असल्याने हे शक्य होते. उशीतील कापूससदृश भरण, सतरंज्या आणि कपडे यांसाठी हा धागा वापरला जातो. २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकात भारतीय संघाने घातलेला पोशाख अशाच धाग्याचा होता. एका पोशाखासाठी सरासरी ३३ बाटल्या लागल्या होत्या.

वापरलेली वस्तू वितळवून तिच्यापासून नवीन वस्तू करणे याला पुनर्चक्रीकरण म्हणतात. तीच वस्तू धुऊन पुन्हा वापरणे म्हणजे पुनर्वापर होय. पेट बाटल्यांच्या पुनर्चक्रीकरणात भारताची कामगिरी चांगली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २०१७ च्या सुमारास केलेल्या अभ्यासानुसार, देशातील पेटपैकी सुमारे ९० टक्के पेट पुन्हा उपयोगात येते. त्यातील सुमारे ६५ टक्के नोंदणीकृत कारखान्यांत, १५ टक्के असंघटित क्षेत्रात आणि १० टक्के घरोघरी पुन्हा वापरले जाते.

या यशाचे श्रेय प्रामुख्याने कचरावेचकांचे आहे. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. कचरा वेचणे हे भीक मागणे नसून ते समाजोपयोगी काम आहे, अशी तिची भूमिका होती. याच चळवळीतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून पुणे महानगरपालिकेसाठी घरोघरचा कचरा गोळा करू लागली. उकिरड्यावर कचरा चिवडण्याऐवजी दारातच वेगळा केलेला कचरा हातात मिळणे, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, तो प्रतिष्ठेचाही प्रश्न आहे.

पुनर्चक्रीकरणाच्या मर्यादा

एवढी माहिती वाचल्यावर कोणालाही वाटेल की, मग काळजीचे कारण काय? बाटली खुशाल विकत घ्यावी, ती पुन्हा कामी येणारच आहे! हा निष्कर्ष घाईचा ठरेल. त्याची कारणे पाहू.

पहिले कारण असे की, बाटलीचा धागा झाला म्हणजे चक्र पूर्ण झाले असे नाही. धाग्याचे कापड झाले, कापड विरले की ते बहुधा पुन्हा बाटली होत नाही, त्याचा कचराच होतो. म्हणजे एक पायरी खाली उतरून वस्तूचे आयुष्य वाढले, पण शेवट टळला नाही. नव्या बाटलीसाठी पुन्हा नवे खनिज तेल लागतेच. बाटलीपासून पुन्हा बाटली बनविण्याचे तंत्र उपलब्ध आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी असे पुनर्चक्रित प्लास्टिक वापरण्यास भारतात २०२२ मध्ये काही अटींवर परवानगी मिळाली. मात्र त्यासाठी बाटली स्वच्छ आणि वेगळी गोळा व्हावी लागते. ओल्या कचऱ्यात मिसळलेली बाटली या कामी फारशी उपयोगी पडत नाही.

दुसरे कारण उरलेल्या बाटल्यांचे आहे. शंभरातील नव्वद बाटल्या सावरल्या तरी दहा उरतातच, आणि बाटल्यांची एकूण संख्या वाढत गेली की त्या दहांचा ढीगही वाढत जातो. शिवाय घरात पुन्हा वापरलेली बाटली आज ना उद्या कचऱ्यात येणारच असते. पेट कुजत नाही. ऊन आणि घर्षण यांमुळे त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. ते पूर्णपणे नष्ट होण्यास शेकडो वर्षे लागतील, असा अंदाज आहे. पेट बाटलीचे वय अजून साठ वर्षेही झालेले नाही. त्यामुळे ज्या बाटल्या जाळल्या वा वितळविल्या गेल्या नाहीत, त्या कोठे ना कोठे अजून आहेत, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. आणि प्रश्न केवळ बाहेरच्या कणांचा नाही. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये प्लास्टिकचे सरासरी सुमारे २ लाख ४० हजार अतिसूक्ष्म कण आढळले. त्यांचा आरोग्यावर काय परिणाम होतो, याचे संशोधन सुरू आहे.

तिसरे कारण आपल्याला पुन्हा जबलपूरकडे नेते. ज्या राणीतालाचा उल्लेख आपण आरंभी केला, त्याच्या परिसरात शहराचा कचरा वर्षानुवर्षे टाकला गेला. पाणी साठविण्यासाठी निर्माण केलेली जागा कचरा साठविण्याची जागा झाली. हे एकट्या जबलपूरचे दुर्दैव नाही. सखल भाग, ओढे, तलाव यांचा उपयोग उकिरड्यासारखा करणे, ही आपल्या अनेक शहरांची रीत होऊन बसली आहे. २०१६ मध्ये जबलपूरजवळ कठौंदा येथे कचऱ्यापासून वीज तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. रोज ६०० टन कचरा जाळून साडेअकरा मेगावॉट वीज निर्माण करण्याची त्याची क्षमता ठरविण्यात आली. अशा प्रकल्पामुळे कचऱ्याचे आकारमान घटते आणि काही ऊर्जा हाती येते. परंतु जाळलेली बाटली पुन्हा धागाही होत नाही आणि बाटलीही होत नाही. म्हणून ज्या वस्तूचे पुनर्चक्रीकरण होऊ शकते, ती भट्टीत जाण्याआधीच वेगळी काढली पाहिजे.

काच अधिक बरी का?

प्लास्टिक वाईट, म्हणून काच चांगली, असे म्हणण्याचा मोह होतो. येथेही विचारपूर्वक उत्तर द्यावे लागते. काच बनविण्याच्या भट्टीचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. काचेची बाटली पेटपेक्षा कितीतरी पट जड असते, त्यामुळे तिच्या वाहतुकीला अधिक इंधन लागते. काचेची बाटली एकदाच वापरून फेकली, तर ती पेटपेक्षा अधिक महाग आणि पर्यावरणावर अधिक भार टाकणारी ठरू शकते.

पण हीच काचेची बाटली धुऊन वीस-पंचवीस वेळा भरली, तर हिशोब पालटतो. गोटी सोड्याची बाटली आठवून पाहा. सोडा पिऊन झाला की बाटली दुकानातच परत द्यायची. शीतपेयाची बाटली घरी न्यायची असेल, तर दुकानदार तिच्यासाठी वेगळे पैसे ठेवून घेई आणि बाटली परत केली की ते पैसे परत देई. बाटलीची मालकी कंपनीकडेच राहत असल्याने ती परत मिळविण्याची काळजीही कंपनीच घेत असे. प्लास्टिकची बाटली आली, तशी ही काळजी कंपनीच्या खांद्यावरून उतरली आणि महानगरपालिकेच्या, कचरावेचकांच्या व तलावांच्या वाट्याला आली. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. शाश्वतता केवळ पदार्थात नसते. ती पदार्थ वापरण्याच्या पद्धतीत असते.

कायदे आणि व्यवस्था

ही जबाबदारी पुन्हा उत्पादकांकडे सोपविण्याचे प्रयत्न आता होत आहेत. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी उत्पादकांवर प्लास्टिक परत गोळा करण्याचे दायित्व ठेवले. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बाटलीसारख्या कडक प्लास्टिकच्या वेष्टनात पुनर्चक्रित प्लास्टिक किती असावे, याची उद्दिष्टे दिली गेली : २०२५-२६ साठी ३० टक्के आणि वाढत वाढत २०२८-२९ साठी ६० टक्के. १ जुलै २०२२ पासून पेयाच्या नळ्या, प्लास्टिकचे चमचे, ताटल्या अशा एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. त्या यादीत पाण्याची बाटली मात्र नाही.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेट बाटली परत केल्यास ग्राहकाला ठरावीक रक्कम परत देण्याची तरतूद होती. पुढे अधिसूचनेत बदल झाले आणि ती पद्धत व्यवहारात रुजली नाही. गोव्याने २०२४ मध्ये ठेव-परतावा योजना अधिसूचित केली. जर्मनीत २००३ पासून ही पद्धत लागू आहे. तेथे एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट ठेव घेतली जाते आणि जवळजवळ सर्वच बाटल्या परत येतात. सिक्कीममधील लाचेन गावाने २०१२ मध्ये वेगळी वाट धरली आणि बाटलीबंद पाण्यावरच बंदी घातली. त्यानंतर १ जानेवारी २०२२ पासून सिक्कीम राज्याने लहान बाटल्यांसाठी तसाच निर्णय लागू केला.

मूळ प्रश्न पाण्याचा

बाटलीचा विचार करताना तिच्यातील पाण्याचा विसर पडू नये. लोक बाटली हौसेखातर घेतात असे नाही. नळाच्या पाण्यावर विश्वास नसतो, प्रवासात पिण्याजोगे पाणी मिळत नाही, पुरासारख्या आपत्तीत विहिरी दूषित होतात. अशा वेळी बाटली उपकारकच ठरते. गढूळ पाणी पिऊन आजारी पडण्यापेक्षा बाटली घेणे केव्हाही योग्य.

परंतु अपवादाची सोय नित्याची सवय झाली, तर काय होते याचा हिशोब करून पाहू. पाच माणसांच्या कुटुंबाला दररोज पिण्यासाठी दहा लिटर पाणी लागते असे समजू. ते सर्व एक लिटरच्या बाटल्यांतून घेतले, तर वर्षाला ३,६५० बाटल्या होतील. त्यांचे वजन ७३ ते ९१ किलो भरेल, म्हणजे जवळजवळ एका प्रौढ माणसाच्या वजनापेक्षाही अधिक. एवढा खर्च गरीब कुटुंबाला परवडणारा नाही. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याने बाटली घ्यावी आणि ज्याच्याजवळ नाहीत त्याने मिळेल ते पाणी प्यावे, अशी वाटणी मग आपोआप होते. ज्यांना बाटली परवडते ते नळाच्या पाण्याबद्दल तक्रार करणे सोडतात आणि नळ दुरुस्त होण्याची शक्यता आणखी मागे पडते. बाटलीच्या सवयीचे हे सर्वांत मोठे नुकसान आहे, आणि ते कचऱ्याच्या ढिगात दिसत नाही.

म्हणूनच खरा उपाय सार्वजनिक आहे : नळाला शुद्ध पाणी आणि बसस्थानक, बाजार, शाळा, रुग्णालय अशा ठिकाणी पिण्याच्या पाण्याची चांगली सोय. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई घालण्याची परंपरा आहे. जबलपूरकडे तिला ‘प्याऊ’ म्हणतात. रांजण झाकलेला, पाणी गाळलेले आणि पाणी काढायला दांड्याचे ओगराळे किंवा तोटी असेल, तर पाणपोई आजही तितकीच उपयुक्त आहे.

आपण काय करू शकतो?

घराबाहेर पडताना स्टीलची किंवा पुन्हा वापरता येईल अशी बाटली बरोबर घ्यावी. विकत घेतलेली बाटली उन्हात किंवा तापलेल्या वाहनात ठेवू नये आणि तिच्यात गरम पाणी भरू नये, कारण उष्णतेने प्लास्टिकमधील द्रव्ये पाण्यात उतरण्याची शक्यता वाढते. रिकामी बाटली ओल्या कचऱ्यात न टाकता वेगळी ठेवावी आणि कचरावेचकाच्या हाती द्यावी. लग्नकार्यात पाहुण्यांसमोर लहान बाटल्यांच्या रांगा मांडण्याऐवजी मोठी भांडी आणि पेले ठेवावेत. आणि वस्तीतील नळाला गढूळ पाणी येत असेल, तर ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे लेखी तक्रार करावी. अर्जलेखनाचे कौशल्य आपण शिकतो ते अशाच प्रसंगांसाठी.

या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. पेट बाटली हे मानवी बुद्धीचे एक उत्तम फळ आहे. तिचा पदार्थ दीर्घकाळ टिकतो, पण आपण तिला काही मिनिटांपुरते वापरतो, ही विसंगती हेच दुखण्याचे मूळ आहे. ती मिटविण्याचे मार्ग तीन : बाटलीची गरज कमी करणे, बाटली अनेक वेळा वापरणे आणि शेवटी तिचे नीट पुनर्चक्रीकरण करणे. यांचा क्रमही हाच असला पाहिजे. गोंड राजांच्या तलावांना लोकांनी शतकानुशतके जपले, कारण ते पाणी सर्वांचे होते. जे सर्वांचे असते आणि सर्वजण जपतात, तेच खऱ्या अर्थाने शाश्वत ठरते.